दमणुकीचा खरा आकडा

"हृदयाची झडप गळतेय. ऑपरेशन आज नको, पण व्यायाम हवा," डॉक्टर म्हणाले आणि मी भडकलो.

मला जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयात एकत्र आलेले चार दोष. पाचव्या वर्षी ऑपरेशन झालं. नंतर वडील दरवर्षी शाळेला चिठ्ठी देत, याला पळू देऊ नये. पुढे रेल्वेच्या मेडिकलमध्ये अनफिट ठरलो. फतेगंज भागात सॅनिटरीचं दुकान उभं केलं ते जिभेच्या जोरावर. आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी म्हणे व्यायाम करा!

आधी कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट झाली, म्हणजे तोंडाला मास्क लावून सायकल मारताना श्वास आणि हृदय तपासणं. त्यावरून घरच्या सायकलचा भार ठरला. फिजिओथेरपिस्ट हेतलबेन आठवड्यातून तीनदा व्हिडिओवर. मला काही झालं तर ती स्क्रीनमधून काय करणार? पायडलवर पाय ठेवताना दर वेळी हेच डोक्यात.

ती मधूनमधून बोर्ग स्केल विचारे, म्हणजे दमणुकीचा आकडा. सहा म्हणजे आराम, वीस म्हणजे जीव जाईल इतका दम. तेराच्या वर जायचं नव्हतं.

धंद्यात मी खरा आकडा कधी आधी सांगितला नाही. इथेही तेच, दम सोळाचा, मी म्हणे अकरा. ती भार वाढवत गेली. चौथ्या आठवड्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत फडफड. बायकोने, सुनंदाने, धरलं म्हणून पडलो नाही.

मग होल्टर, म्हणजे छातीवर चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र. रिपोर्टची वाट बघत दोन दिवस काढले. शेवटी कळलं, जादा ठोके आहेत, पण धोक्याचे नाहीत.

डॉक्टर तापले. "ठोके मंदावणाऱ्या गोळीमुळे तुमची नाडी फारशी चढत नाही. तुम्ही सांगाल तेच आमचं माप. खोटं सांगून मरायचंय का?"

बाहेर सुनंदा म्हणाली, "अहो, हेतलबेन काय बेसिन विकत घ्यायला आलीय?"

भार कमी करून पुन्हा सुरुवात झाली.

"साचुं बोलजो हं, भाई," हेतलबेन गुजरातीत म्हणाली, म्हणजे खरं सांगा.

"चौदा," मी म्हटलं. "आणि भीती वाटतेय."

माझ्यासारख्यांनो, व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करा. पण भीतीही सांगा. हेतलबेन हसेल असं मला वाटलं होतं. तिने भार उतरवला आणि पुढची आठ मिनिटं, माझे पाय चालू असेपर्यंत, नजर न हलवता समोर बसून राहिली. त्या आठ मिनिटांसाठी मी तिचा ऋणी आहे.