पायऱ्यांवरचं एटीएम

ऊर्जानगरच्या एटीएमसमोर, पायऱ्यांखाली, तो हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर बसून होता. पाय पोलिओने वाळलेले. मला पाहताच त्याने हात केला. हा आता पैसे मागणार, असं मी धरून चाललो. भंगाराच्या धंद्यात भागीदाराने बुडवल्यापासून हात करणारा प्रत्येक माणूस मला ठग वाटतो.

"मले मशीनपाशी नेऊन द्या, भाऊ."

"कार्ड दे, नंबर सांग. पैसे आणून देतो."

"मागच्या बारीले ज्याले नंबर सांगितला, तोही भलाच दिसत होता."

माझं डोकं तापलं. "मी काय तुले चोर दिसतो? अन् उचलाले मी हमाल आहो काय?"

"हमाल असता तं आधी भाव ठरवला असता," तो शांतपणे म्हणाला.

मला हसूच आलं. मी त्याला उचलून वर नेलं. मशीनही उंच, खाली बसून त्याचा हात पोचेना. म्हणून त्याला तसाच हातांवर धरून उभा राहिलो. त्याने कार्ड आत सारलं.

"आता डोळे मिटा, भाऊ."

मिटले. पण त्याचा खांदा माझ्या शर्टाच्या खिशाला घासत होता आणि पाकीट त्याच खिशात होतं. मी एक डोळा किलकिला केला.

त्याची बोटं बटणांवर थांबलेली होती. मान वळवून तो माझ्याच तोंडाकडे पाहत होता.

"नंबर अजून टाकलाच नाई मी," तो म्हणाला.

त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. मी डोळे मिटले, या वेळी घट्ट.