चांदणीला मोकळा वारा

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. नंतर चहाचा घोट घेताना हसलात की ठसका लागतो, आन मग माझ्याच नावानं बोटं मोडता. सगळी गल्ली हसून झालीय, तुमीच तेवढे राहिलात. आन दोष तरी कुणाला देऊ? ही फजिती मला दुसऱ्या कुणी आणून दिली न्हाई. माझ्याच जिभेनं ओढवून घेतली.

आमी सेलूचे. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत घर हाय. घरात मी, हे, आमचा अमोल आन त्याची बायको प्रियंका. पोरगी गुणाची हाय. शाळेत शिकवती, सैपाकाला हात बी चांगला. पण लग्न होऊन नांदेडहून आली ती मांजर घेऊन. जाळीच्या डब्यात बसवलेली, पांढरीफेक, एखाद्या पाहुणीसारखी.

नाव काय, तर चांदणी. मांजराचं नाव चांदणी, आन माझं नाव गयाबाई. सांगा आता.

ही चांदणी घराबाहेर जायची न्हाई. म्हणजे तिला जाऊच द्यायचं न्हाई. खिडक्यांना जाळ्या मारल्या. न्हाणीच्या कोपऱ्यात वाळूचा टब ठेवला. वाळू बी साधी चालत न्हाई, पिशवीतली पाहिजे, विकतची. इकडं नदीतली वाळू लोक ट्रॅक्टर भरभरून पळवायलेत, आन आमच्या घरात मांजराला मुतायला वाळू दुकानातून येती. खायला पाकिटातले दाणे. वर्षातून एकदा दवाखान्यात नेऊन सुई टोचायची. आमच्या ह्यांचं बीपी कुणी तपासलं न्हाई एवढ्या हौसेनं.

आन काम काय करती ही? माझ्या डोळ्यादेखत सैपाकाच्या ओट्यावरून उंदीर गेला. ही पाय चाटत बसली. मी खराटा आपटला तर उंदीर राहिला बाजूला, हीच पलंगाखाली शिरली.

मी म्हणायची, "प्रियंका, मांजर हाय का जावई हाय गं ही?"

ती शांतपणे म्हणायची, "आई, बाहेर कुत्री आहेत, गाड्या आहेत. घरात राहणारी मांजरं जास्त जगतात."

"जगतात, पण कशी? जेलातला माणूस बी जगतोच की."

हे आमचं रोजचंच. हे मधे पडायचे न्हाईत, पेपर तोंडापुढं धरून बसायचे.

मग उन्हाळ्यात प्रियंकाच्या मामेभावाचं लग्न निघालं. दोघं नांदेडला निघाले. जाताना मला सूचना: मागचं दार उघडं ठेवू नका, पाणी बदला, व्हिडिओ कॉल करून तिला दाखवत जा. मी मान हलवली. मनात म्हणलं, जा तर खरं तुमी.

त्यांची रेल्वे हालली असंल नसंल, मी चांदणीला मानंला धरून उचललं आन मागच्या अंगणात ठेवलं. पुढं ताकात कुस्करलेली भाकर ठेवली. म्हणलं, "जा बाई, जग बघ. मोकळा वारा खा. जरा मांजरागत जग."

ती जग बघायला काही गेली न्हाई. उंबऱ्याला चिकटून बसली आन ओरडायला लागली. मी दार लावून घेतलं.

हे म्हणले, "अगं, सुनेनं जीव लावलाय तिला."

मी म्हणलं, "जीव लावा की. कुलूप कशाला लावता?"

एवढं छान बोलले मी, की माझं मलाच बरं वाटलं. त्या समाधानात जरा आडवी झाले. उठून बघते तर अंगण रिकामं.

खोटं कशाला बोलू? गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. हाका बी मारल्या, पण दबक्या आवाजात. भरदुपारी "चांदणी, चांदणी" करत बाई फिरायली म्हणल्यावर लोक काय म्हणतील?

पण ऊन उतरल्यावर बघते, तर जिनिंगच्या भिंतीवरून पांढरी मांजर डुलत डुलत यायली. अंग मळलेलं, कानाला कापसाचा पुंजका. अंगणात उडी मारली, ताकभाकर चाटूनपुसून खाल्ली आन माझ्याकडं बघून गुरगुरली.

मी ह्यांना हाक मारली. "बघा. अर्ध्या दिवसात कसा आवाज फुटलाय पोरीला."

ह्यांनी चष्मा पुसून बघितलं. "मोठी दिसायली गं जरा."

"मोकळ्या वाऱ्यानं अंग धरतं," मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मेलेला उंदीर. दुपारी गल्लीतल्या काळ्या कुत्र्याच्या नाकावर पंजा. भाकर घाला, भात घाला, खरकटं घाला, कशाला म्हणून तोंड मुरडत न्हाई. वाळूच्या टबाकडं ढुंकून बघितलं न्हाई. मला तर इतका आनंद झाला की बस. प्रियंकाचा फोन आला की मी म्हणायची, "लय बरी हाय. दाखवते, पण जरा फरक दिसू दे." तिकडं हळदीची गडबड, ती बी घाईत फोन ठेवायची.

मग मी मांजर काखेत मारून घरोघर हिंडले. हो, खरंच हिंडले. बघा म्हणलं, घरात कोंडलं की मांजराचं लोणी होतं, बाहेर सोडलं की वाघ होतो.

समोर साळवे मॅडम राहतात. रिटायर शिक्षिका, एकट्याच असतात. त्यांच्या दारात उभं राहून मी सगळं भाषण केलं. त्यांनी ऐकून घेतलं आन विचारलं, "गयाबाई, तुमच्याकडं आधी बी मांजरं होती ना? त्यातलं एखादं म्हातारं झालेलं आठवतं का तुम्हाला?"

मी आठवायला लागले. ढवळा कापसाच्या ट्रकखाली गेला. मनीनं औषध खाल्लेला उंदीर खाल्ला. तिच्या पिल्लांना कुत्र्यांनी न्हाई ठेवलं. म्हातारं काही डोळ्यापुढं येईना.

"मांजरं म्हातारी होऊन करायचीत काय?" मी म्हणलं.

मॅडम म्हणल्या, "माझ्याकडं बी एक आलंय परवा. पायाला कुत्रं चावलंय. डॉक्टरला दाखवून पट्टी बांधून आणली. आत निजलंय. बघता का?"

"तुमी बी घेतलं का घरात?" मला हसूच आलं. "आमच्या सुनेचं वारं लागलं तुमाला. सोडा बाहेर, आपोआप बरं होतं." आन मी उंबऱ्यावरूनच परत फिरले. आत पाय टाकला न्हाई. तेवढं माझ्याकडून झालं असतं तर आज तुमाला सांगायला काही उरलंच नसतं.

लग्न लागलं, आन त्याच दुपारी प्रियंकाचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या ओट्यावर गल्लीतल्या बायका कुरडया घालायला जमल्या होत्या. मी म्हणलं, हीच वेळ. सगळ्यांच्या देखत सुनेला दाखवू. एका हातात फोन, एका हातात मांजर.

"बघ," मी म्हणलं. "ही तुझी चांदणी. जाळी न्हाई, वाळू न्हाई, सुई न्हाई. बाहेर सोडली म्हणून ही तब्येत झाली. आता शाळेतल्या पोरांना बी हेच शिकव."

प्रियंका नुसती डोळे बारीक करून बघायली. मला वाटलं नेटवर्क गेलं. तेवढ्यात मांजर माझ्या हातावरच वळलं आन शेपूट वर करून फोनकडं पाठ केली.

"आई," ती म्हणली, "हा बोका आहे."

शेजारच्या कमलच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. मग तिनं तोंडाला पदर लावला, आन सगळ्या बायका जी फुटल्या, त्या थांबेनातच. एकजण तर चिकाच्या पातेल्याजवळ वाकून हसायली. हे आतून आले, बोक्याला खालून वरून बघितलं आन म्हणले, "मी म्हणलं होतं, मोठी दिसायली." बोका माझ्या हातातून सुटून भिंतीवर गेला.

फोनमधून आवाज आला, "आई, मग चांदणी कुठंय?"

प्रियंकाच्या डोळ्यात पाणी आलं होतं. डोळे न उघडलेलं पिल्लू तिनं कापसाच्या वातीनं दूध पाजून वाढवलेलं. ती ओरडली असती तर मी बी ओरडले असते, ते मला जमतं. पण ती एवढंच म्हणली, "इतके महिने घरात होती. तुम्ही एकदाही तिच्या तोंडाकडं बघितलं नाही का?"

बघितलं न्हवतं. टब बघितला, पाकीट बघितलं, पिशवीतली वाळू बघितली. नावं ठेवायला तेवढं पुरलं मला.

समोरच्या दारातून साळवे मॅडमनी हाक मारली. "गयाबाई, माझ्याकडचं पेशंट एकदा बघून जाता का आता?"

मी फोन घेऊन तशीच धावले. मागून पाच-सहा बायका, हाताला चीक तसाच. मला शरमेनं मेल्यागत झालं आन शरम लपवायला मी मॅडमवरच चिडले. "आमची हाय तर आणून का न्हाई दिली तुमी?"

मॅडम म्हणल्या, "मला काय ठाऊक? तिला कधी बाहेर बघितलेलं न्हाई. आन तुमची तर तुमच्या काखेत होती."

आत पलंगाजवळ चादरीच्या घडीवर पांढरं काहीतरी निजलेलं होतं. मी लाडानं हाक मारली, "चांदणी, ये बाई." तिनं कान टवकारले. मान उचलून माझ्याकडं नीट बघितलं, आन पट्टीचा पाय ओढत पलंगाखाली गेली ती पार भिंतीला जाऊन टेकली.

"हीच तुमची," मॅडम म्हणल्या. "आवाज बरोब्बर ओळखला."

म्हणजे मला ती ओळखू आली न्हाई, तिनं मात्र मला ओळखायला चूक केली न्हाई. पाठीमागं बायका पुन्हा हसायला लागल्या. मी पदर खोचला, ह्या वयात मॅडमच्या फरशीवर पालथी पडले, आन तिथलीच दुधाची बशी पुढं सरकवत त्या पलंगाखाली डोकं घातलं. सुनेचं मांजर सुनेच्या सासूला बघून डोळे मिटून बसलं होतं.

मॅडमनी फोन माझ्या कानाशी धरला होता. प्रियंका विचारायली, "आई, दिसली का? चांदणीच आहे ना?"

"थांब बाई," मी पलंगाखालूनच म्हणलं, "ह्या वेळी पाठीमागून बघितल्याशिवाय मी काही बोलायची न्हाई."