चकाकलेली नळी

उन्हाळ्यात दुपारची जेवणं आवरून ओटा पुसला की माठातल्या वाळ्याचा ओला गंध स्वयंपाकघरात रेंगाळायचा, धाराशिवचं पांढरंफटक ऊन खिडकीच्या गजांशी थबकायचं, आणि नेमका त्याच निवांत घटकेला फ्रिज सुरू व्हायचा. आधी घरघर, मग पत्र्यावर नख ओढावं तशी किरकिर. मी पेटी शिकवणारी बाई. सूर जराही उतरला की माझ्या कपाळाला आठी पडते. ती किरकिर माझ्या दातांत शिरायची.

ह्यांना हाक मारावी, तर बाहेरच्या खोलीतून चष्मा सावरत हे येईपर्यंत फ्रिज गप्प. पुरेसा गार झाला की तो आपोआप थांबतो, हे मला ठाऊक होतं, ह्यांनाही होतं. तरी उंबऱ्यात उभं राहून म्हणायचे, "कुठं काय वाजतंय? तुझे कान दाखवून घे एकदा." दोन वर्षं हेच. आणि जन्मभर मुलींचे सूर दुरुस्त करणारी मी खरंच कान दाखवून आले! डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवलं, गोळ्या लिहून दिल्या.

मग माझा माझ्याच कानांवरचा विश्वास उडाला. समोर बसलेली मुलगी गंधार धरायची आणि तो चुकलाय की माझं ऐकणं चुकतंय, हे मला ठरवता येईना. खोटं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं, म्हणून मुलींना येऊ नका म्हटलं, आणि माझ्या आईची पेटी मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाला देऊन टाकली. देताना झाकणावरून हात फिरवला. लाकडाला कापराचा वास येत होता.

परवा भूमहून नणंदेचे यजमान, आमचे दाजी, आले. चहा पिता पिता सहज म्हणाले, "वहिनी, फ्रिज लई वाजतोय की हो."

झालं! जावयाचा शब्द. ह्यांना तत्क्षणी ऐकू आलं. "व्हय ना, मी कधीचं तेच म्हणतोय," म्हणाले, आणि तासाभरात मेकॅनिक दारात. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

त्या पोक्त माणसानं फ्रिज हातभर पुढं ओढला. मागची तांब्याची बारीक नळी पत्र्याला टेकली होती. त्यानं ती बोटानं जराशी वाकवली, मध्ये रबराचा तुकडा सारला, आणि किरकिर थांबली. "बघा बाई," मोबाईलचा उजेड धरून तो म्हणाला, "लई दिवसांपासनं घासतीया. कशी चकाकली!" काळवंडलेल्या तांब्यावर तांदळाएवढा ठिपका लख्ख उजळला होता. मी ह्यांना तो बघायला लावला. पाहिलं न पाहिलंसं करून हे दाजींना पान द्यायला बाहेर गेले.

आता फ्रिज नुसता गुणगुणतो. "पेटी मागून आण की," हे म्हणाले. देवाला दिलेलं मागायचं कुठल्या तोंडानं? संध्याकाळी देवळातून ती ऐकू येते. तिचा निषाद पहिल्यापासून किंचित उतरलेला. मुलींना मी त्या सुरावर बोट न रेंगाळवता सांभाळून घ्यायला शिकवायचे. देवळात कुणी सांभाळत नाही. हे वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणतात, "छान वाजवतात, नाही?"

उतरलेला निषाद मला स्वच्छ ऐकू येतो. ह्यांना सांगावंसं मात्र आता वाटत नाही.