सेपोलाच्या वाट्याचा पुलाका

...हो, तेही लिही, लिता. थकले म्हणजे विसरले असं नाही गं.

तर सेपोला, तुझी मावशीआजी, माझी धाकटी बहीण. चर्चच्या पाळकाची बायको झाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आणि पाळकाला त्याच्या स्वतःच्या बेटावर कधी ठेवत नाहीत. चार वर्षं झाली की पेटी उचल, चल दुसऱ्या बेटावर.

ती निघाली त्या दिवशी बाबांनी आमच्या चिखलाच्या खड्ड्यात तिच्या नावाचा पुलाक्याचा कंद लावला. भोवती पानांचं कडं विणलं आणि मला म्हणाले, थोरली आहेस, तू याला खाऊ घाल. ती कायमची परत आली की कापायचा. मध्ये कापावाच लागला, तर शेंडा पुन्हा फुटतो, तो तिथंच लावायचा, जागा तिची.

म्हणायला काय जातं, मी बरं म्हटलं. पण पुलाका काही अळू नव्हे, आज लावलं नि उद्या भाजी केली. वर्षानुवर्षं चिखलात उतरायचं, वाळली पानं कुस्करून कड्यात घालायची. त्यात पदरी चार पोरं. कंबर मोडून जायची माझी.

तिकडे सेपोलाही प्रत्येक बेटावर पुलाका लावायची, आणि तो पोसायच्या आत निघायची. बायका चिडवायच्या, काय पाळकीणबाई, दुसऱ्याच्या पोटासाठी राबताय का? ती म्हणायची, माझ्या आधीचीनं लावलेलं मी खातेच ना.

आई गेली तेव्हा जहाज नव्हतं, हिला तोंड दिसलं नाही. नानुमेआ बेटावर तिचं एकुलतं पोर तापानं गेलं. तिथंच वाळूत ठेवलं, आणि सहा महिन्यांत बदली आली. पत्रात एवढंच होतं, की फोलिके नावाची शेजारीण कबरीवर पांढरे खडे घालते.

मग तुझ्या थोरल्या मामाचं लग्न निघालं. व्याह्यांनी हा एवढा पुलाका आणला. आमचा त्याहून लहान निघाला तर आमची मान खाली जाणार. मी खड्ड्यात उतरले आणि सेपोलाचा कापला, दहा वर्षांचा. तिघांनी उचलला. शेंडा माझ्या ओळीत लावला, तिच्या जागेवरही माझंच लावलं. म्हटलं, खाऊ मी घातलंय, आणि ती काय आता येतेय.

तिच्या प्रत्येक पत्रात असायचं, आक्का, माझा पुलाका कसा आहे? मी तुझ्या आईकडून लिहून घ्यायची, वाढतोय. कापल्यावरही सव्वीस वर्षं पत्रांतून वाढवला मी तो.

गेल्या साली तिचा नवरा, पेनिएली, गेला. पाळकाचं घर गावाचं, नव्या पाळकासाठी रिकामं करावं लागलं. एक चटई, एक टोपली, एवढं घेऊन बाई धक्क्यावर उतरली. चहासुद्धा नको म्हणाली. आधी खड्ड्यावर चल.

तिथं मला सांगावंच लागलं. "सेपोले, कापला गं मी तो. जागाही घेतली."

ती काठावर बसली, पाय खाली सोडून. मग म्हणाली, "आक्का, एवढी एकच जागा माझी होती. तिच्या भरवशावर मी सगळीकडून निघत गेले."



मग तिनं टोपली उघडली. येताना जहाज नानुमेआला थांबलं होतं. फोलिके धक्क्यावर पुलाका घेऊन उभी होती. पोर गेलं त्या वर्षी सेपोलानं लावलेला. फोलिकेनं इतकी वर्षं खाऊ घातलं, कापला तरी दरवेळी शेंडा तिथंच लावला, तुमचाच आहे म्हणाली. नात्याची ना गोत्याची. पुढं जहाज रखडलं, कंद अर्धा कुजला होता.

कुजकं आम्ही काढून टाकलं, राहिलं ते उकडलं. बाबांनी दाखवलेल्या जागेवरचं माझं सगळं मी उपटलं आणि तिथं तो शेंडा लावला. सेपोला वरून बघत होती. म्हणाली, "प्रभूनं मला नऊ बेटांवर आक्का दिल्या. सख्खी तेवढी कच्ची निघाली."

हसावं की रडावं कळेना. अजून ती मला पुरतं माफ करत नाही. पण देवळात येऊन शेजारीच बसते. सकाळी ती खड्ड्यात उतरते, मी वरून पानं देते. दोघींचे गुडघे कामातून गेलेत.

बस झालं, लिता. एवढं मात्र खाली लिही. हे वाचणारं कुणी नानुमेआला जाणार असेल, तर फोलिकेला सांगा, शेंडा लागलाय, दोन नवी पानं आलीत. आणि खडे घालशील तेव्हा एक माझ्या नावानं घाल म्हणावं.