दाजींचा संबळ आणि बिजलीची पेटी

माणसाला गोंधळात पाडण्याच्या कलेत आमच्या दाजींचा हात धरणारा अख्ख्या जालना जिल्ह्यात कुणी नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर कामाला, आणि उरलेला सगळा वेळ संबळावर. घराणं शेतकऱ्याचं, पण हे वाद्य शेजारच्या गोंधळ्याकडून हट्टाने शिकलेले. "दाजी, जेवण झालं का?" असं विचारावं तर "उन्हात ठेवलाय" असं उत्तर यायचं. "पोरं कशी आहेत?" म्हटलं की म्हणत, "चामडं ढिलं पडलं." कलावंत माणूस, त्याचं ध्यान वाद्यात, म्हणून आम्ही कौतुकाने हसत असू. एसटीत स्वतः उभे राहत आणि संबळाला खिडकीजवळ बसवत. एकदा कंडक्टरने "हे कुणाचं?" म्हणून दरडावलं, तर दाजी शांतपणे म्हणाले, "अंबडला." त्या बिचाऱ्याने मुकाट्याने संबळाचंही तिकीट फाडलं.

त्यांचे जोडीदार शाळेतले गुरुजी. गुरुजी बौद्ध, भीमजयंतीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवून त्यांनी नाव कमावलेलं. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे कीबोर्ड नवानवा होता. दाजींनी त्याचं नाव ठेवलं 'बिजलीची पेटी', आणि एक दिवस सरळ गुरुजींच्या ओट्यावर संबळ मांडला. "तुमची पेटी अन् माझा संबळ. पाहू काय होतंय ते." जे झालं ते कुणालाच नीट कळलं नाही. खंडोबाच्या गाण्यामागून डिस्कोचा ठेका यायचा, म्हाताऱ्या हात जोडायच्या, पोरं नाचायला उठायची, आणि मग दोन्ही गट थबकून एकमेकांकडे बघायचे. एका लग्नात तर नवरदेवाचे वडील येऊन कळवळून म्हणाले, "पाहुणे, चपला काढायच्या का न्हाई, तेवढं सांगा."

पण खटके उडू लागले. दाजी कायम ठेक्याच्या पुढे पळायचे. "दाजी, जरा पेटीचं ऐका!" गुरुजी विनवायचे. "ऐकूनच राह्यलो ना! तुमची पेटीच वढाळ हे," दाजी उलट डाफरायचे. शेवटी गुरुजींनी सांगून टाकलं, परतूरचं हे एवढं लग्न झालं की आपली जोडी मोडली.

त्या लग्नात भर दुपारी, गाणं रंगात आलेलं असताना, वीज गेली. पेटी मुकी झाली. दाजी डोळे मिटून वाजवतच राहिले आणि आनंदाने ओरडले, "हां गुरुजी! आता कसं बराबर जमून राह्यलं!"

सगळा मांडव हसला. मीही हसलो. गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते उठून आक्काकडे आले आणि हळूच म्हणाले, "ताई, दाजींना ऐकू येत न्हाई का?"

आक्काने पदर तोंडाला लावला. "मशिनीच्या आवाजानं कान गेले, गुरुजी. कुणाला सांगायचं न्हाई म्हणतेत. ऐकू येत न्हाई म्हणल्यावर संबळवाल्याला कोण बोलावील?"

जोडी मोडायची गोष्ट गुरुजींनी पुन्हा काढली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दाजींना चक्क स्पीकरच्या लाकडी खोक्यावर बसवलं आणि बटण दाबलं. दाजी दचकून उठले. चाचपून पुन्हा बसले. चेहरा लहान मुलासारखा झाला.

"गुरुजी, खालून येऊन राह्यलं!"

"मंग तिथूनच ऐका," गुरुजी हातवारे करत म्हणाले.

गुरुजींच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा त्यांचे नातेवाईक बुचकळ्यात पडले. "आपल्या मंगलकार्यात गोंधळ्याचा संबळ कसा?" गुरुजी म्हणाले, "माझा जोडीदार हे," आणि दाजींसाठी खोकं पुसू लागले. त्या दिवशी दाजींनी असं वाजवलं की ठेका कुठे तसूभर हलला नाही. वाजवणं संपलं आणि लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. हे नेमकं काय ऐकलं, टाळ्या वाजवायच्या की काय करायचं, कुणाला उमजेना.

दाजींनी घाबऱ्या नजरेने गुरुजींकडे पाहिलं. "आवडलं का हो लोकांला?"

गुरुजी उभे राहिले. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन ते टाळ्या वाजवू लागले, दाजींना दिसाव्यात अशा. मग नवरीने हात वर केले, आक्काने केले, मी केले. हळूहळू सगळ्या मांडवाने हात उंचावून टाळ्या धरल्या. हात वर कशासाठी, ते निम्म्या लोकांना कळलंही नसावं. दाजी संबळ पोटाशी धरून त्या हातांकडे नुसते बघत राहिले.