टक्करवालीची सही

आमच्या ऑफिसात तिला सगळे टक्करवाली म्हणतात. इमारतीच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये कुठला पाइप कुठल्या बीमला धडकतोय, हे ती बांधकामाआधीच हुडकून काढते. धाकट्या दिराला तिनेच इथे चिकटवलं, हाताला धरून शिकवलं. त्याने मॉडेलमध्ये आखलेल्या पाइपांच्या तपासणीत एकही टक्कर निघाली नाही, तेव्हा तिने कौतुकाने सही ठोकली.

आज साइटवरून फोन आला, "मॅडम, तिसऱ्या मजल्यावरचा बीम फोडून पाइप नेऊ का?"

तिने मॉडेलमधल्या नोंदी उघडल्या. तपासणीआधी दिराने तिसऱ्या मजल्याचे पाइप लपवले होते. लपवलेलं तपासणीत धरलंच जात नाही.

"भाऊजी, केसाने गळा कापलात माझा!"

"वहिनी, लपवायचं बटण तुम्हीच तर दाखवलंत," मेला हसत म्हणाला.

दाखवलं होतं खरं. बीम त्याला नीट दिसावेत म्हणून.