दातांनी ऐकणारे मामा

माझ्या मामेसासऱ्यांइतका तयार कानाचा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात झाला नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. आणि त्यांना ऐकू येत नव्हतं ती वर्षं धरून सांगतो. कळस गावात त्यांची थोडी शेती होती, पण खरा जीव होता तो गावोगावच्या विहिरींवरच्या मोटरींत. मोटर कुरकुरायला लागली की मालक निरोप धाडायचा आणि मामा सायकलवर टांग टाकून निघायचे. हत्यार एकच, हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालू मोटरीला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. "गप बसा की जरा! ती बोलतीया, तुमी कशाला बोलताय?" मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "मागचं बेअरिंग आठ दिसांचा सोबती हाय." आणि आठव्या दिवशी ते बेअरिंग जायचंच. त्यांचे वडील मेंढरं राखायचे आणि कळपात कुठलं कोकरू आजारी आहे ते नुसतं ओरडण्यावरून ओळखायचे म्हणे, तेव्हा हा कान घराण्यातलाच.

या कानानं त्यांना कुठं सुखानं बसू दिलं नाही. बारामतीला आमच्याकडे येताना ते एसटीत ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरायचे आणि दर दोन मैलांवर त्याला गिअरपेटीची तब्येत कळवायचे. पिठाच्या गिरणीत दळण ठेवून पट्टा बदलायला बसायचे. आमच्या लग्नात तर कहरच झाला. मुलीचा मामा म्हणून ते अंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभे होते. तिसऱ्या मंगलाष्टकाला मांडवामागच्या जनरेटरचा सूर बदलला आणि मामा भाचीला तशीच सोडून पसार झाले. शेवटचं "सावधान" व्हायच्या आत परत आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. शालूवर ग्रीसची ती चार बोटं अजून आहेत. डाग काढायचा विषय मी बायकोजवळ एकदाच काढला होता, पुन्हा काढला नाही.

पुढं कधीतरी त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. कधी, ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण मामांच्या मते त्यांच्या कानाला काहीच झालं नव्हतं, बिघडलं होतं ते जग. रेडिओचे सेल पूर्वीसारखे राहिले नव्हते. शाळेची घंटा हलक्या धातूची आणली होती. "हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलत्यात, अन्न पचत न्हाय त्यास्नी," हे मत ते मला, म्हणजे एका शाळामास्तराला, वरचेवर ऐकवायचे. चारचौघांत बसले की स्वतःच अखंड बोलत राहायचे, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायचा प्रश्नच मिटला. कुणी मधे काही विचारलंच, तर गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे. त्या मानेवर दोन सोयरिकी जमल्या आणि एका बांधाचा वाद मिटला, इतकी ती वजनदार होती. मामी मात्र सगळं ओळखून होत्या. "म्या ह्या घरात हळू बोलून सा वर्सं झाली, जावईबापू," त्या मला एकदा म्हणाल्या, आणि तेही मामांच्या शेजारी बसून.

मोटरीपुढं मात्र मानेनं भागत नाही. तिथं मामांनी काय केलं, तर पेचकसाची मूठ कानाशी धरायच्या ऐवजी दातात धरली. आणि काय सांगावं, त्यांना सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं! लोकांना वाटलं, ही पुढची विद्या असणार. पंचक्रोशीतले दोन मेकॅनिक त्यांचं बघून पेचकस चावायला लागले. अशी चार वर्षं मामांनी दातांवर काढली.

मग दात हलायला लागले. बारामतीच्या दातांच्या डॉक्टरांनी वरचे सगळे काढून छान कवळी बसवून दिली. मामा खूश होऊन गावी गेले, शेजारच्या तात्यांच्या मोटरीला पेचकस लावला, कवळीत धरला आणि म्हणाले, "ठणठणीत हाय." तिसऱ्या दिवशी ती मोटर जळाली. ऊस वाळत असताना तात्या घरी आले, पण भांडायला नाही. गावात मामांना सगळे आबा म्हणतात. "असूंद्या आबा, वय झालं आता. पुढच्या टायमाला भिगवणचा मेकॅनिक बगतो," एवढं म्हणून, चहा पिऊन गेले. हे तात्यांनी मोठ्यानं म्हटलं होतं, त्यामुळे मामांना नीट ऐकू आलं. शिव्या दिल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. आता आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे त्यांना त्या चहाबरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बारामतीत माझ्या दारात हजर. मला तसंच बरोबर घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेले आणि टेबलावर कवळी ठेवून म्हणाले, "डाक्टर, दात उपटाय सांगितलं हुतं. तुमी माजा कान उपटला." डॉक्टर घाबरलेच. सगळी हकिगत मी सांगितल्यावर मात्र ते हसले नाहीत. त्यांनी आम्हाला दोन गल्ल्या पलीकडे कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

बाईंनी दोन पात्यांचा लोखंडी काटा टेबलावर आपटून घुमवला आणि मामांच्या कानाजवळ धरला. मामांनी नकारार्थी मान हलवली. मग त्याच काट्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, तसे मामा खुर्चीत ताठ झाले. "आरं, ही तर माजीच रीत!" बाईंनी तपासून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समजावलं, की आतली नस चांगली आहे, बाहेरचा आवाज आत पोचवणारी बारीक हाडं जाम झाली आहेत; दातांतून आवाज कवटीच्या हाडानं थेट आत जायचा, कवळी नुसती हिरडीवर बसते. मामांनी वाचलं आणि म्हणाले, "म्हंजी मोटर चांगली, बेअरिंग जाम." बाईंनी खाली लिहिलं, अगदी तसंच, पुण्याला ऑपरेशन होतं, नाहीतर यंत्र आहे. मामांनी क्षणात निर्णय दिला. "यंत्र द्या. मोटर खोलायची ती सगळ्यात शेवटी."

शर्टाच्या खिशात डबी, तिची वायर कानात, अशा थाटात मामा कळसला उतरले ते थेट तात्यांच्या विहिरीवर. मीही होतो. भिगवणच्या मेकॅनिकनं नव्या तारा भरून दुरुस्त करून दिलेली मोटर चालू होती आणि भोवती चार माणसं. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय. लई वर्सं झाली. तुमची मोटर माज्यामुळं जळाली, तात्या." मामांनी यंत्र काढून माझ्या हातात दिलं, पेचकसाची मूठ कानामागच्या हाडावर टेकवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पुढचं बेअरिंग कोरडं हाय. ग्रीस द्या, न्हायतर म्हयनाभरच टिकंल." तात्यांनी उघडून पाहिलं. कोरडंच होतं. "उद्याच्याला माज्या धाकट्या भावाच्या विहिरीवर येतायसा का, आबा?" तात्यांनी विचारलं, आणि मामांना ते ऐकू यावं म्हणून मी घाईघाईनं यंत्र परत दिलं आणि तात्यांना पुन्हा विचारायला लावलं.

घराकडे येताना मी त्यांना म्हणालो, की एवढं सोपं होतं, तर आधीच का नाही सांगितलंत? मामा म्हणाले, "लोकं बोलवायचं बंद करतील म्हून भ्यालो, जावईबापू. त्यापायी लई गेलं. आमची धाकटी लेक नांदाय गेली तवा गाडीत बसताना माज्या कानाशी लागून कायतरी म्हणाली. मी नुसती मान हलवली. आता तिला कसं इचारू?"

दिवाळीला ती आली तेव्हा त्यांनी विचारलं. मी ओसरीवर होतो. तिनं पुष्कळ आठवून पाहिलं आणि हसून म्हणाली, "न्हाय बा आठवत, आबा. आसंल कायतरी." मामा "बरं" म्हणाले. मग त्यांनी खिशातल्या डबीचं बटण फिरवून आवाज थोडा वाढवला आणि तिला म्हणाले, "आता दुसरं कायतरी बोल."